पहिलं घर थोडं चुकणारच, ती चूक स्वस्तात पडू दे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नवीन शहरात नोकरी लागलीये, सहा आठवड्यांत जॉइन व्हायचंय, घरात तुम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी, कंपनी पहिले पंधरा दिवस राहायची सोय करतेय, आणि आता ऑफिसपासून वीस मिनिटांवरचा लहान फ्लॅट घ्यायचा की चाळीस मिनिटांवरचं प्रशस्त घर यावरून घरात रोज वाजतंय. त्यात घरची मोठी माणसं म्हणतायत की भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा विकतच घेऊन टाका.

मी १९ वर्षं हेच काम करतेय, बदली झालेल्या किंवा नोकरी बदललेल्या लोकांना नवीन जागी घर, शाळा बघून देणं आणि सामान हलवून देणं, त्यामुळे आधी उत्तर देते आणि मग कारणं. विकत आत्ता अजिबात घेऊ नका. जवळचं घ्या, लहान असलं तरी. आणि करार असा करा की वर्षभरात बाहेर पडायचं ठरलं तर फार नुकसान न होता पडता येईल. आता हे का, ते सांगायला जरा लांबड लागेल.

नवीन शहरातलं पहिलं घर थोडंफार चुकतंच. तुम्ही हुशार आहात की नाही याचा काही संबंध नाही, तुम्हाला ते शहर माहीतच नाहीये ना. आपण जुन्या शहराची फूटपट्टी घेऊन नवीन शहर मोजायला जातो. उरी सिमॉन्सन आणि जॉर्ज लोवेनस्टाईन या दोन संशोधकांनी २००६ साली अमेरिकेतल्या गाव बदलणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास छापला होता, त्यात दिसलं की महागड्या शहरातून आलेली माणसं नवीन शहरात गेल्यावर इतरांपेक्षा जास्त भाड्याचं घर घेतात, कारण त्यांना तिथलं सगळंच स्वस्त वाटत असतं, आणि स्वस्त शहरातून आलेली माणसं उगाच कमी भाड्याचं. गंमत म्हणजे त्याच शहरात पुन्हा घर बदललं की हा फरक जातो, म्हणजे तोवर माणूस शेवटी तिथल्या हिशोबाने वागायला लागलेला असतो. सिमॉन्सनने त्याच वर्षी असाच अभ्यास प्रवासाच्या वेळेवर केला, तिथेही तेच, आधीच्या शहरात लांबचा प्रवास करायची सवय असलेले लोक नवीन शहरातही लांबचंच घर घेतात आणि मग पुढचं घर घेताना जवळ सरकतात. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण माझ्या वहीत वर्षानुवर्षं हेच लिहिलेलं होतं, की अमुक कुटुंब, दुसरं घर, ऑफिसच्या जवळ सरकले.

म्हणून पहिल्या घराकडे कायमचं म्हणून बघूच नका, ते शहर शिकायची फी आहे असं धरून चाला.

विकत घ्यायचा मुद्दा इथेच निकालात निघतो. घर विकत घेताना नोंदणी, कर, दलाली, कर्जाची फी असे खर्च लागतात आणि विकताना त्यातले काही परत लागतात, त्यामुळे दीड-दोन वर्षांत विकायची वेळ आली तर घराची किंमत थोडी वाढली असली तरी हातात काही उरत नाही. आणि नवीन नोकरीत पहिल्या वर्षी काय काय होऊ शकतं ते आठवा, प्रोबेशन असतं, प्रोजेक्ट बदलतं, टीम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑफिसात हलवतात, बॉस जमत नाही. माझ्या एका क्लायंटने जॉइन व्हायच्या आधी ऑफिससमोर घर बुक केलं, आणि सात महिन्यांनी कंपनीने ते ऑफिसच बंद करून दुसरीकडे नेलं. विकत घ्यायचंच असेल तर आधी त्याच भागात, जमलं तर त्याच बिल्डिंगमध्ये, भाड्याने राहून बघा. तिथल्या पाण्याचं, लिफ्टचं, शेजाऱ्यांचं, मेंटेनन्सच्या भांडणांचं सगळं आपोआप कळतं आणि कोणतं घर विकायला निघणार आहे तेही जाहिरात यायच्या आधी कानावर येतं. याला अपवाद एकच, की त्या शहरात तुम्ही आधी राहिला आहात आणि नोकरी गेली तरी तिथेच राहणार हे पक्कं आहे.

आता जवळ की लांब. माझं सगळ्यात जास्त भांडण लोकांशी यावरूनच होतं. मोठी खोली डोळ्यांना दिसते, फोटोत दिसते, घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दिसते. प्रवास कुणाला दिसत नाही, तो फक्त तुम्हाला रोज सकाळी सहन करायचा असतो. जादा खोलीची सवय दोन महिन्यांत होते, नव्याचे नऊ दिवस, मग त्या खोलीत इस्त्रीचे कपडे आणि रिकामी खोकी जमतात. प्रवासाची सवय मात्र होत नाही, कारण तो रोज वेगळा त्रास देतो, आज सिग्नल, उद्या अपघात, परवा पाऊस. ब्रूनो फ्रे आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या माहितीवर हे दाखवलंय, की जास्त वेळ प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, आणि जास्त पगार किंवा चांगलं घर मिळून त्याची भरपाई व्हायला हवी ती होत नाही. आपण सौदा करतो खरा, पण तो आतबट्ट्याचा असतो.

तुमचाच हिशोब करून बघू. दोन घरांत फरक जाताना वीस आणि येताना वीस, म्हणजे दिवसाला ४० मिनिटं. वर्षाला २४० दिवस धरले तर ९६०० मिनिटं, म्हणजे १६० तास, आठ तासांचे पूर्ण वीस दिवस. ती मोठी बाल्कनी तुम्ही वर्षात किती तास वापराल हे प्रामाणिकपणे सांगा.

पण वीस आणि चाळीस हे आकडे तरी खरे आहेत का, ते आधी तपासा. मॅपवर दुपारी दोन वाजता रस्ता बघितला तर काहीही चांगलंच दिसतं. मॅपमध्ये पोचायची वेळ टाकायची सोय असते, तिथे सोमवार सकाळची ऑफिसची वेळ टाका, मग तो एक आकडा न देता पस्तीस मिनिटं ते एक तास दहा असं काहीतरी दाखवेल. त्यातला मोठा आकडा तुमचा. सरासरी विसरा, कारण नवीन नोकरीत रोज वेळेवर पोचायचं असेल तर तुम्ही सगळ्यात वाईट दिवसाच्या हिशोबानेच घराबाहेर पडणार, म्हणजे उरलेले चार दिवस लवकर पोचून कॅन्टीनमध्ये बसणार. पंचवीस ते तीस मिनिटांच्या मध्ये हलणारा रस्ता हा वीस ते पन्नासच्या मध्ये हलणाऱ्या रस्त्यापेक्षा केव्हाही बरा. बस किंवा ट्रेन असेल तर किती किलोमीटर हे मोजू नका, कितीदा बदलायची ते मोजा, प्रत्येक बदलीला उभं राहणं आलं आणि एक चुकली की पुढची सगळी साखळी चुकते.

एक बारीक गोष्ट जी लोक कधीच बघत नाहीत, दिशा. घर ऑफिसच्या पश्चिमेला असेल तर सकाळी तुम्ही पूर्वेकडे जाता, सूर्य डोळ्यांत, आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परत येता, सूर्य पुन्हा डोळ्यांत. घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा तो पाठीशी राहतो. गाडी किंवा स्कूटर चालवणाऱ्याला हे वर्षभर जाणवतं. तसंच गर्दीची दिशा, सकाळी सगळं शहर ज्या बाजूला धावतं त्याच्या उलट्या बाजूला तुमचा प्रवास असेल तर दहा किलोमीटरही चालतात, आणि गर्दीबरोबर असेल तर पाच किलोमीटरही जीव काढतात. मॅपवर गोल वर्तुळ काढून पाच किलोमीटरच्या आतलं घर हवं असं सांगणाऱ्यांना मी म्हणूनच विचारते, की पाच किलोमीटर कुठल्या बाजूला?

आता मुलीचं. शाळा आधी, घर नंतर, हा क्रम उलटा केलात तर पस्तावाल. घर महिनाभरात मिळतं, शाळेतली जागा मिळेलच असं नाही, आणि काही ठिकाणी कुठल्या पत्त्यावर राहता यावरच प्रवेश ठरतो, त्यामुळे फोन करून आधी तेच विचारा की वर्षाच्या मध्ये प्रवेश मिळतो का आणि पत्त्याची अट आहे का. मग कागदावर तीन टिंबं काढा, घर, शाळा, ऑफिस. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा, बुधवारी सकाळी अकरा वाजता शाळेतून फोन आला की मुलीला ताप आहे, न्यायला या, तर कोण जाणार आणि किती वेळात पोचणार? नवीन गावात आजी नाही, मावशी नाही, ओळखीची शेजारीण नाही, दोघांपैकी एकालाच जायचंय. ज्याला जायचंय त्याच्या कामापासून शाळा किती लांब, यावरून बऱ्याचदा एरिया आपोआप ठरतो. मुलांच्या बाबतीत माझा सल्ला असा की शाळा घराजवळ हवी, ऑफिस थोडं लांब चालेल. दोन्ही जमत नसेल तर मोठ्या माणसाने प्रवास करावा, सात वर्षांच्या पोरीला तास तास बसमध्ये बसवू नये.

आणि एरिया निवडायचा हक्क कुणाचा, तर जो दिवसभर तिथे राहणार त्याचा. ज्याला नोकरी लागलीये त्याला ऑफिसमध्ये आयतीच माणसं मिळतात, जेवायला सोबत, चहाला सोबत. मागे राहिलेल्या जोडीदाराला काहीच मिळत नाही. बदली फसलेल्या कुटुंबांशी बोलताना मला घर लहान होतं हे कारण जवळपास कधीच ऐकायला मिळत नाही, माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं हे मात्र सारखं ऐकते. त्यामुळे तुमचे मिस्टर किंवा मिसेस जे कोण घरून काम करणार किंवा काम शोधणार असतील, त्यांना पायी चालत कुठे कुठे जाता येतं ते बघा. मुलांना खेळायची जागा, वाचनालय, जिम, भाजी, औषधाचं दुकान, काहीही, पण जिथे रोज तीच माणसं दिसतील असं काहीतरी दहा मिनिटांत हवं. १९५० साली लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठामधल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास छापला, तिथे शेजारच्या दारातली माणसं जवळचे मित्र म्हणून ४१ टक्के वेळा सांगितली गेली, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाची फक्त १० टक्के. जिना, पत्रपेट्या यांच्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी इतर मजल्यांवरही जास्त झालेल्या. म्हणजे कोपऱ्यातला एकदम शांत, कुणाची ये-जा नसलेला फ्लॅट ब्रोकर प्रायव्हसी म्हणून जास्त भाड्याने देतो, पण नवीन गावात एकट्या पडलेल्या माणसासाठी तो फ्लॅट चांगला नाही. जिन्याजवळचा घ्या, थोडा आवाज होईल, पण चार तोंडं दिसतील.

ऑफिसमधल्या नवीन सहकाऱ्यांना विचारालच, विचाराच, पण कुठला एरिया चांगला असं नका विचारू, प्रत्येकजण आपलाच एरिया चांगला म्हणतो, तिथे त्याचे पैसे अडकलेत. त्यापेक्षा विचारा की आधी कुठे राहायचात आणि तिथून का हललात. सोडलेल्या घराबद्दल माणसं खरं बोलतात. चार जणांना विचारलंत आणि दोघांनी एकाच एरियाचं नाव घेऊन तोंड वाकडं केलं तर समजून जा.

हे सगळं तिथे गेल्याशिवाय होणार नाही, म्हणून पहिलं काम एचआरला मेल टाकायचं. पंधरा दिवसांची राहायची सोय आहे ना, ती तीस करून मागा. नाही म्हणाले तर सामान हलवायच्या भत्त्यातून कापा म्हणा, बऱ्याच कंपन्या याला तयार होतात कारण त्यांच्या खिशातून जादा काही जात नाही. पंधरा दिवसांत जॉइनिंगची कागदपत्रं, बँक, सिमकार्ड यातच आठवडा जातो आणि मग घाबरून माणूस तेराव्या दिवशी जे समोर येईल ते घर घेतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या केसेस बहुतेक या तेराव्या दिवसाच्याच असतात. सामानही सगळं एकदम नेऊ नका, जुन्या घराच्या मापाचा सोफा नवीन घराच्या जिन्यात अडकलेला मी किती वेळा बघितलाय.

आधी दुरून, फोटोंवरून चाळणी लावायची असते. घरांचे फोटो वाइड लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे दहा फुटांची खोली हॉल वाटते, कडेचा फ्रिज ताणल्यासारखा रुंद दिसला की ओळखायचं. यावर माझी युक्ती साधी आहे, फरश्या मोजते. ब्रोकरला एका फरशीचं माप विचारायचं आणि फोटोत भिंतीकडेने किती फरश्या बसल्यात ते मोजायचं, खोलीची लांबी हातात. ६० सेंटिमीटरच्या पाच फरश्या म्हणजे तीन मीटर, संपलं. फरशी दिसत नसेल तर ए-फोर कागद जमिनीवर ठेवून फोटो काढून पाठवा म्हणायचं, तो कुठेही गेलात तरी २१ बाय २९.७ सेंटिमीटरच असतो. जो ब्रोकर एवढंही करत नाही तो पुढे गळका नळ काय दुरुस्त करवून देणार. आणि व्हिडिओ कॉलवर घर बघताना खिडकीबाहेर कॅमेरा फिरवायला सांगायचं, सलग, कट न करता, घराच्या आत जे आहे ते बदलता येतं, बाहेरचं नाही.

पैशाबद्दल एकच नियम, घर न बघता आणि मालक कोण हे कागदावर न बघता एक छदामही द्यायचा नाही. भाव बाजारापेक्षा बराच कमी, मालक परदेशात, चावी कुरियरने पाठवतो, तीन जण मागे लागलेत म्हणून आजच टोकन टाका, ही फसवणाऱ्यांची स्क्रिप्ट जगभर सारखीच आहे आणि लांबून घर शोधणारी माणसंच त्यांचं गिऱ्हाईक असतात.

प्रत्यक्ष घर बघायला जाल तेव्हा. आधी माझीच फजिती सांगते. या धंद्यात पडायच्या आधी आम्ही स्वतः असेच नवीन शहरात गेलो होतो, रविवारी सकाळी घर बघितलं, इतकं शांत की पक्ष्यांचे आवाज, लगेच हो म्हणालो. सोमवारी पहाटे पावणेपाचला जाग आली ती इंजिनांच्या घरघरीने. बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून बस उभ्या करायची जागा होती, रविवारी गाड्या उशिरा निघायच्या, बाकी सहा दिवस ड्रायव्हर पहाटे इंजिन चालू करून गरम करत ठेवायचे. बेडरूमच्या खिडकीची काच थरथरायची, मी बोट लावून बघायचे. करारात वर्षाचा लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडता येणार नाही अशी अट, त्यामुळे वर्षभर कानात बोळे घालून झोपलो. तेव्हापासून मी कुठलंही घर तीन वेळांना बघितल्याशिवाय हो म्हणू देत नाही, आठवड्यातल्या दिवशी सकाळी साडेआठ, रात्री दहानंतर, आणि शनिवार संध्याकाळ. रात्री आत जाता येत नसेल तर खाली रस्त्यावर वीस मिनिटं उभे राहा, तेवढ्यात कळतं.

आत गेल्यावर बेडरूमची दारं-खिडक्या बंद करून दहा मिनिटं गप्प बसा, ब्रोकरलाही गप्प बसवा, हे अवघड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली बेडरूमसाठी सांगितलेली मर्यादा सतत आवाजाची ३० डेसिबल आणि मधूनच येणाऱ्या एखाद्या आवाजाची ४५ डेसिबल आहे. मोबाईलमधलं डेसिबलचं अॅप काही प्रयोगशाळेचं यंत्र नाही, पण एकाच फोनने दोन घरं मोजलीत तर कुठलं जास्त गोंगाटाचं ते नक्की समजतं. सतत येणाऱ्या रस्त्याच्या आवाजापेक्षा मला मध्येच येणाऱ्या आवाजाची भीती जास्त वाटते, लिफ्टचं दार, पाण्याचा पंप, कुणाचं तरी शटर.

ओल शोधायची ती आधी नाकाने, दार उघडल्या उघडल्या, कारण पाच मिनिटांत नाक सरावतं. रूम फ्रेशनरचा घमघमाट असेल तर मला लगेच संशय येतो. मग एकाच भिंतीला ताजा रंग दिसतोय का बघायचं, कपाटांची दारं उघडून मागची बाजू बघायची, सिंकखालचं प्लायवूड खालून फुगलंय का ते हात लावून बघायचं. प्लायवूड खोटं बोलत नाही. दोन नळ एकदम सोडून वर फ्लश करा, धार बारीक होते का ते बघा. घरातले सगळे दिवे, फ्रिज, सगळं बंद करून मीटरपाशी जा, मीटरवरचा लाल दिवा तरीही टिकटिकत असेल तर कुठेतरी वीज गळतेय किंवा दुसऱ्या कुणाची तरी लाइन तुमच्या मीटरवर आहे. फोन सगळ्यात आतल्या खोलीत जाऊन लावून बघा, नुसत्या काड्या बघू नका, दोन मिनिटं बोला. तुमच्यापैकी एकजण घरून काम करणार असेल तर ही एक गोष्ट सगळ्या मार्बलपेक्षा महत्त्वाची.

पाणी तुंबणारा एरिया ओळखायचा असेल तर रस्त्यावर फिरा. दुकानांचे उंबरे उंच बांधून घेतलेत का, तळमजल्यावरचे मीटर छातीच्या वर बसवलेत का, कंपाउंडच्या भिंतीवर एकसारखी आडवी रेघ दिसतेय का. आणि विचारताना इथे पाणी भरतं का असं विचारू नका, लगेच नाही म्हणतात. मागच्या वेळी कुठवर आलं होतं असं विचारा, कोपऱ्यावरचा दुकानदार गुडघ्याला किंवा कमरेला हात लावून दाखवतो.

किती घरं बघायची? याचं गणितातलं उत्तर मजेशीर आहे. एकामागून एक पर्याय येतायत आणि सोडलेला परत मिळत नाही असं असेल तर पहिले साधारण ३७ टक्के नुसते बघायचे, घ्यायचे नाहीत, आणि मग त्या सगळ्यांपेक्षा चांगला असा जो पहिला येईल तो घ्यायचा. दहा घरं बघणार असाल तर पहिली तीन-चार फक्त बाजार समजून घ्यायला. खऱ्या आयुष्यात सोडलेलं घर कधीकधी परत मिळतं त्यामुळे हे अगदी तंतोतंत लावू नका, पण फायदा असा की ब्रोकरचा जुना डाव चालत नाही. तो आधी दोन भिकार घरं दाखवतो, आणि तिसरं जरा बरं पण भाड्याला जास्त असं दाखवतो, तुम्ही तोवर दमलेले असता, तिसरं घर तुम्हाला महाल वाटतं आणि तो ते गळ्यात मारतो. तिसऱ्या घराला कधीच हो म्हणायचं नाही हे आधीच ठरवून गेलात तर वाचाल.

करारात तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर लॉक-इन. घासाघीस भाड्यावर करण्यापेक्षा त्यावर करा. भाडं थोडं जास्त देईन पण लॉक-इन तीन-चार महिन्यांचाच ठेवा, आणि नोकरी गेली किंवा कंपनीने दुसऱ्या गावी पाठवलं तर एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं लेखी द्या, असं म्हणा. तोंडी कबूल केलेलं काही खरं नसतं, चांगली माणसंही विसरतात. डिपॉझिटमधून काय काय कापणार, रंगाचे पैसे कोण देणार, गीझर बिघडला तर कोण, हे लिहून घ्या. चावी मिळाली की सामान आत आणायच्या आधी पूर्ण घराचा व्हिडिओ, प्रत्येक नळ, प्रत्येक ओरखडा, मीटरचं रीडिंग, आणि तो त्याच दिवशी मालकाला मेल, म्हणजे तारीख पडते. पुढे घर सोडताना ओरखडे तुमच्या आधीचे की नंतरचे यावर वादच होत नाही.

तर तुमच्या दोन घरांपैकी वीस मिनिटांवरचं घ्या, पण आधी शाळेला फोन करा आणि तिथल्या बेडरूममध्ये रात्री दहा मिनिटं बसून बघा. लांबचं घर फारच मनात भरलं असेल तर पंधरा दिवस कंपनीच्या सोयीत राहता तेव्हा दोनदा तिथून ऑफिसला जाऊन बघा, खरोखर सकाळी उठून तिथे जायचं आणि तिथून निघायचं. माझ्या अनुभवात दुसऱ्या दिवशी कुणी जात नाही.

आणि करार संपायच्या तीन महिने आधी कॅलेंडरमध्ये एक आठवण लावून ठेवा. त्या दिवशी फोनमधला लोकेशनचा इतिहास उघडा आणि गेल्या आठ-नऊ महिन्यांत तुम्ही तिघं खरंच कुठे कुठे गेलात ते मॅपवर बघा, कुठल्या मैत्रिणीकडे, कुठल्या क्लासला, कुठल्या मैदानावर. तो इतिहास बंद ठेवला असेल तर तिघांनी बसून वहीत लिहून काढा. दुसरं घर त्या टिंबांच्या मध्ये शोधायला लागा, तोवर नोटीस द्यायची तारीख हातात असते.